देवस्थानाचं दफ्तर: विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा डेटाबेस कसा बांधावा?

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानाच्या दफ्तरासाठी ॲप्लिकेशन लिहायचं काम समितीने माझ्याकडे दिलं आहे. महाजन (देवस्थानाचे हक्कदार सभासद) आणि कुळावी (त्या देवाची कुळं) यांची यादी, अभिषेक-लघुरुद्राच्या पावत्या, अग्रशाळेतल्या खोल्यांचं आरक्षण, जत्रेनंतरच्या पावणीचा (लिलावाचा) हिशेब, एवढं सगळं त्यात हवं. आजवर हे काम विंडोजवर ॲक्सेसच्या फाइलीत चालायचं. दफ्तरातला संगणक विंडोजचाच राहणार, पण खजिनदार मॅक वापरतात आणि अग्रशाळेच्या काउंटरवरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं आहे. त्या दोन्हींवर ॲक्सेस चालत नाही.

पडद्याची मला काळजी नाही. क्यूटी घ्या, जावा घ्या, ब्राउझर घ्या, बटणं तिन्हीकडे दिसतील. डेटाबेसच्या बाजूने कुठे पाय अडकतो ते समजून घ्यायचं आहे. इंजिन कोणतं घ्यावं? फाइल कुठे ठेवावी? जुनी यादी पोर्तुगीज काळातल्या रोमन स्पेलिंगात आहे, नवी देवनागरीत आहे, ती दोन्ही कशी सांभाळावी? ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी हात राखून लिहू नये.

मांडवीकाठ

चांगला विषय काढलात. इंजिनापासून सुरुवात करतो. तुमच्या कामाला दोनच नावं विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिलं एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते काढलं, आणि ते कोणाच्याही मालकीचं नाही. सगळा डेटाबेस एकाच फाइलीत असतो. तिसऱ्या आवृत्तीचं फाइल-स्वरूप २००४ पासून टिकून आहे. विंडोजवर बनवलेली फाइल मॅकवर किंवा लिनक्सवर जशीच्या तशी उघडते, कारण फाइलमधले आकडे कोणत्या बाइट-क्रमाने लिहायचे हे त्या स्वरूपातच ठरलेलं आहे, प्रोसेसरवर सोडलेलं नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटासेट जपण्यासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत एसक्यूलाइट धरलं आहे. महाजनांची यादी पिढ्यान् पिढ्या टिकवायची असते, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं पोस्टग्रेस. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. विंडोजवर ते थेट चालू लागलं २००५ च्या ८.० आवृत्तीपासून. त्याचा सर्व्हर तिन्ही सिस्टिमवर चालतो, पण त्याचं डेटा-फोल्डर विंडोजवरून उचलून लिनक्सवर ठेवलं तर चालत नाही. डम्प काढायचा, म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत उतरवायचा, आणि तिकडे पुन्हा भरायचा. हे बऱ्याच जणांना सर्व्हर बंद पडल्यावरच कळतं, आणि तोवर बॅकअप म्हणून जपलेलं फोल्डर दुसऱ्या संगणकावर कुचकामी ठरलेलं असतं.

तीन ठिकाणांहून एकाच वेळी पावत्या फाडायच्या असतील तर माझं मत पोस्टग्रेसला.

सांजवात

दफ्तरातल्या संगणकावर एक शेअर फोल्डर करून एसक्यूलाइटची फाइल तिथे ठेवली तर? तिघे तीच फाइल उघडतील. सर्व्हर वगैरे सांभाळायला देवळात कोण बसणार?

मांडवीकाठ

सांजवात, कृपा करून तसं करू नका. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतं, आणि त्यासाठी फाइलवर कुलूप लावण्याचं काम ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ते कुलूप प्रत्येक सिस्टिम आपापल्या परीने पाळते, काही वेळा पाळतच नाही. दोघांनी एकाच क्षणी लिहिलं की फाइल बिघडते. त्यातली वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) तर सगळे वाचणारे-लिहिणारे एकाच यंत्रावर आहेत असं धरूनच चालते, नेटवर्कवर ती वापरताच येत नाही. क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्येही चालू फाइल ठेवू नका. सिंकवाल्याला व्यवहार अर्धा झालाय की पुरा हे कळत नाही, तो मधल्या अवस्थेतली फाइल उचलून वर पाठवतो.

आणि चालू असलेल्या फाइलीची कॉपी-पेस्ट म्हणजे बॅकअप नव्हे. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय आहे, किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ हा आदेश आहे. त्यातून निघालेली प्रत पुरी असते.

जुळारी

मी छापखान्यात जुळणीचं काम करत आलो, पुढे संगणकावर. कुळागर, तुम्ही इंजिनाचा विचार करताय, पण तुमचं खरं काम अक्षरांत आहे. जरा सविस्तर लिहितो.

‘दऱ्या’ हा शब्द घ्या, डोंगरातल्या दऱ्या. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी टंकता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण डेटाबेसच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. विंडोजच्या कीबोर्डवर एक रूप येतं, मोबाइलवर दुसरं, जुन्या फोनेटिक कीबोर्डवर तिसरं. एखाद्या कुऱ्हाडे आडनावाच्या माणसाची नोंद दफ्तरातून केली आणि मॅकवरून शोधली तर ‘सापडत नाही’ असं उत्तर येईल, मग खजिनदार नवी नोंद करतील, आणि एकाच माणसाचे दोन माणूस होतील.

युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, पहिली दोन रूपं एक करतं. तिसऱ्याला हात लावत नाही. ते तुमच्या कोडमध्ये तुम्हालाच करावं लागेल: र, हलन्त आणि जॉइनर एकापाठोपाठ दिसले की तिथे ऱ आणि हलन्त घाला. हे सगळ्यात आधी करा. कारण पुढे शोधासाठी जॉइनर सरसकट काढून टाकावे लागतात (क्ष, ज्ञ सारख्या जोडाक्षरांत ते नकळत येऊन बसतात), आणि क्रम उलटा झाला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल. डोंगराची नोंद समुद्रात जाईल.

दुसरं अक्षर ॲ. गोव्यात ते टाळताच येत नाही. ॲग्नेलो, ॲना ही नावं अग्रशाळेच्या वहीत नसली तरी वीजवाल्याच्या, मंडपवाल्याच्या बिलांत असणारच. ॲ हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ टंकून वर चंद्र द्यायचे, किंवा ऍ वापरायचे. ही तीन रूपं एनएफसी एक करत नाही. ती तुम्हालाच एक करावी लागतील.

म्हणून माझी सूचना अशी की नावाचे दोन रकाने ठेवा. एकात माणसाने दिलं तसं नाव, त्याला कधी हात लावायचा नाही, पावतीवर तेच छापायचं. दुसऱ्यात या नियमांतून गेलेलं शोधनाव. शोधायचं, तुलना करायची, दुबार नोंद अडवायची ती या दुसऱ्यावर. शोधनाव कसं बनवायचं ते एकाच ठिकाणी, तुमच्या कोडमध्ये असू द्या. डेटाबेसवर सोडू नका, सिस्टिमवर तर मुळीच नको.

जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टंकलेल्या असतील तर त्यात युनिकोड नाहीच. आतमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात, फॉन्ट काढला की खिचडी दिसते. त्या आधी रूपांतरित करून, माणसाने वाचून, मगच आत घ्या.

कुळागर

जुळारी, फार मोलाचं सांगितलंत. आमच्याकडे यादीत ॲ ची किमान दोन रूपं आहेत हे आत्ताच शोधून पाहिलं. शोधनावाचा रकाना नक्की करतो.

क्रमवारीचं काय? समितीच्या निवडणुकीला यादी आडनावाच्या क्रमाने छापून लावायची असते. दफ्तरात छापली काय आणि खजिनदारांनी छापली काय, क्रम तोच आला पाहिजे. नाहीतर भांडणाला निमित्त.

मांडवीकाठ

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं क्रमवारीसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून राहिलं. म्हणजे विंडोजवर विंडोज सांगेल तो क्रम, लिनक्सवर लिनक्सची ग्लिबसी सांगेल तो. २०१८ साली ग्लिबसीच्या २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे नियम बदलले, तेव्हा लिनक्स अद्ययावत केलेल्या कितीतरी ठिकाणी आधीचे इंडेक्स, म्हणजे शोधासाठी लावून ठेवलेल्या सूच्या, चुकीचे ठरले. नोंद असूनही सापडेना, युनिक असायला हवं तिथे दुबार नोंदी शिरू लागल्या. डेटाबेसला कोणी हात लावला नव्हता, फक्त खालची सिस्टिम बदलली होती.

२०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या, युनिकोडचे नियम सांभाळणाऱ्या, लायब्ररीचा क्रम निवडता येतो. तिन्ही सिस्टिमवर आयसीयूची एकच आवृत्ती असेल तर क्रम एकच येतो. आयसीयूची आवृत्ती बदलली तर पोस्टग्रेस इशारा देतं, तो आला की इंडेक्स पुन्हा बांधायचे.

एसक्यूलाइटमध्ये वेगळाच पेच आहे. तिथे मूळचा क्रम बाइटांचा. तो तिन्ही सिस्टिमवर एकच असतो, पण आपल्या वर्णमालेचा नसतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष तर युनिकोडमध्ये क, हलन्त, ष असा पडतो, म्हणून बाइटांच्या क्रमात तो क च्या नोंदींत जाऊन बसतो. आणखी एक, एसक्यूलाइटला लहान-मोठी अक्षरं सारखी मानायची ती मूळच्या इंग्रजी अक्षरांपुरतीच कळतात. पोर्तुगीज नावांतली चिन्हांची अक्षरं (ã, ç सारखी) त्यात येत नाहीत.

तुम्ही शोधनाव करताच आहात, तर क्रमनाव हा तिसरा रकाना करा. आयसीयूकडून त्या नावाची क्रमवारीची किल्ली मागून घ्या, ती बाइटांत मिळते, आणि त्या बाइटांवर क्रम लावा. मग खाली कोणतंही इंजिन असो.

पोफळी

रोमन नावांबद्दल मी लिहिते. आमच्या घरच्या जमिनीच्या कागदांवर हे रोज बघते. पोर्तुगीज दफ्तरात आपली आडनावं त्यांच्या कानाने उतरवली गेली. शणै तिथे ‘सिनाय’ होतात, प्रभू कधी ‘पोरोब’ तर कधी ‘पोरोबो’, पै ‘पोइ’, कामत ‘कामोतीम’. आजोबांच्या नोंदीत एक रूप, वडिलांच्या दुसरं, मुलाच्या आधार कार्डावर तिसरं. यातलं कोणतंही चूक नाही. वारसाच्या वेळी तिन्ही लागतात.

म्हणून कुळागरदादा, व्यक्तीच्या तक्त्यात नावाचा एकच रकाना ठेवू नका. नावांचा वेगळा तक्ता करा: व्यक्तीचा क्रमांक, नाव, लिपी, कोणत्या कागदातून आलं, कोणत्या साली. एका माणसाला कितीही नावं जोडता येतील. शोध सगळ्यांवर चालेल, पावतीवर छापायचं नाव त्यातलंच एक निवडलेलं असेल. रोमनचं देवनागरी आपोआप करून घेण्याच्या फंदात पडू नका. ‘पोइ’चा पै संगणकाला कळणार नाही, दफ्तरात बसलेल्या जुन्या माणसाला कळेल. त्यांना समोर बसवून जोडून घ्या, ती माणसं आहेत तोवर.

चिन्हांच्या अक्षरांना जुळारींनी सांगितलेलं एनएफसी पुरतं. पण एक पाहा. जुन्या सीएसव्ही फाइली विंडोज-१२५२ एन्कोडिंगमध्ये असतात. पायथन या भाषेत फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर विंडोजवर ते सिस्टिमचं एन्कोडिंग घेतं आणि मॅक-लिनक्सवर यूटीएफ-८. तीच फाइल, तोच कोड, दोन ठिकाणी दोन नावं. प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. आणि एक्सेलसाठी सीएसव्ही काढाल तेव्हा सुरुवातीला बीओएम (ही फाइल युनिकोडची आहे हे सांगणारी न दिसणारी खूण) घाला, नाहीतर डबल-क्लिक केल्यावर मराठीच्या जागी चिन्हांचा ढीग दिसतो.

सांजवात

वाचतोय, शिकतोय. पण मूळचा मुद्दा सोडत नाही. जत्रेच्या रात्री मंडपात नेटवर्क नसतं. वीज जाते. पावसाळ्यात तर काय विचारूच नका. तेव्हा पोस्टग्रेसचा सर्व्हर दफ्तरात, आणि काउंटरवर माणसं रांगेत उभी. पावती द्यायचीच असते. मग?

मांडवीकाठ

हे मान्य. माझ्या आधीच्या उत्तरात ती बाजू आली नव्हती.

खाजन

सांजवातबाब, तुमचा मुद्दा रास्त आहे. त्याला उत्तर म्हणजे दोन्ही इंजिनं घ्यायची. दफ्तरात पोस्टग्रेस, प्रत्येक काउंटरवर स्वतःची एसक्यूलाइट फाइल. काउंटर नेहमी आपल्याच फाइलीत लिहितो, जोडणी मिळाली की नव्या नोंदी दफ्तराकडे पाठवतो. मी सहकारी पतसंस्थांसाठी अशीच रचना करतो.

ती पार पाडायला तीन गोष्टी सुरुवातीलाच ठरवाव्या लागतात, मागाहून जमत नाहीत.

नोंदीचा अंतर्गत क्रमांक डेटाबेसला आपोआप वाढवू देऊ नका, दोन काउंटरांवर तोच क्रमांक येईल. यूयूआयडी वापरा, म्हणजे कुठेही बनवला तरी दुसऱ्याशी जुळणार नाही असा लांब क्रमांक. त्याची सातवी आवृत्ती २०२४ मध्ये प्रमाणित झाली आहे, तिच्यात सुरुवातीला वेळ असते म्हणून इंडेक्सही नीट राहतो. भक्ताला दिसणारा पावती क्रमांक वेगळा: काउंटरचं अक्षर, वर्ष आणि त्या काउंटरचा स्वतःचा ओळीने क्रमांक. हिशेब तपासनिसाला ओळीत खंड चालत नाही, तो प्रश्न असा सुटतो.

पावती कधीही दुरुस्त करायची नाही, पुसायची नाही. चुकली तर रद्द केल्याची नवी नोंद. मग दोन ठिकाणच्या नोंदी एकत्र करताना कोणाची खरी असा वाद उरत नाही, सगळ्याच खऱ्या. पावणीतही तसंच: बोली लागली त्याची नोंद वेगळी, पैसे आले त्याची वेगळी.

रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. एसक्यूलाइटमध्ये दशांश रकमेसाठी वेगळा प्रकारच नाही, आणि फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश आकड्यांत) ठेवलेल्या रकमा बेरजेत पैसा-पैसा सरकतात. शिवाय एसक्यूलाइट मुळात रकान्याचा प्रकार सक्तीने पाळत नाही, आकड्याच्या जागी मजकूरही ठेवून घेतं. २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून ‘स्ट्रिक्ट’ तक्ते करता येतात. तेच करा, म्हणजे पोस्टग्रेसकडे पाठवताना अडणार नाही.

विजेचं. व्यवहार पुरा झाला की डेटा खरोखर डिस्कवर गेला पाहिजे. त्यासाठी सिस्टिमला एफसिंक सांगतात. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या आतल्या कॅशपर्यंतच पोचवतो, तिथून पुढे ढकलायला वेगळा आदेश लागतो. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी ‘फुलएफसिंक’ नावाचं प्रॅग्मा, म्हणजे सेटिंग, आहे आणि ते मूळचं बंद असतं. खजिनदारांच्या मॅकवर ते चालू करा. वेग थोडा कमी होईल, पावत्यांच्या कामात तो जाणवणार नाही.

कुळागर

खाजनबाब, देव बरें करूं. काउंटरला स्वतःची फाइल हे मनाला पटलं. तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवायच्या ना सगळ्या?

खाजन

पावती कधी फाडली तो क्षण यूटीसीत, दाखवताना भारतीय वेळ. पायथन असेल तर विंडोजसाठी टीझेडडेटा हे पॅकेज सोबत द्या, विंडोजमध्ये तो वेळपट्ट्यांचा साठा नसतो आणि ‘एशिया/कोलकाता’ सापडत नाही म्हणून प्रोग्राम थांबतो.

पण जन्मतारीख हा क्षण नव्हे. ती नुसती तारीख म्हणूनच ठेवा: वर्ष, महिना, दिवस, या क्रमाने. टाइमस्टॅम्प (१९७० च्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांचा आकडा) करून ठेवली तर साडेपाच तासांच्या फरकाने एक दिवस मागे सरकू शकते. आणि तुमच्या बऱ्याच महाजनांचा जन्म १९७० च्या आधीचा. तिथे टाइमस्टॅम्प ऋण होतो, आणि पायथनच्या कित्येक आवृत्त्या विंडोजवर असा आकडा तारखेत बदलायला नकार देतात. लिनक्सवर चालतं. म्हणजे वडीलधाऱ्यांच्याच नोंदी दफ्तरात उघडायच्या नाहीत.

पोफळी

फोटो आणि कागदांच्या स्कॅनबद्दल राहिलं. फाइलला माणसाचं नाव देऊ नका. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांनी दोन फाइली वेगळ्या होतात, विंडोजवर आणि मॅकवर सहसा एकच. विंडोजवर ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘एनयूएल’ अशी काही नावं फाइलला देताच येत नाहीत, आणि २६० अक्षरांपुढचा फाइलचा पत्ता जुन्या प्रोग्रामना चालत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना तर नावातली अक्षरं सुटी करून ठेवायची. यूयूआयडी हेच फाइलचं नाव, आणि डेटाबेसमध्ये पूर्ण पत्ता न ठेवता मुख्य फोल्डरपासूनचा पत्ता, पुढे झुकणाऱ्या तिरक्या रेघेने (/).

घराच्या पत्त्याच्या रकान्यात अनेक ओळी असतील तर ओळ संपल्याची खूणही एकच करून घ्या. विंडोजवर दोन चिन्हं येतात, बाकीकडे एक. घर तेच असून तुलना चुकते.

जुळारी

छपाईसाठी फॉन्ट सोबतच द्या. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो, प्रत्येकाची रुंदी वेगळी, पावतीवरची ओळ तुटते. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता मुक्त परवान्यात मिळतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. जुनी माणसं ते बघतात.

मांडवीकाठ

कुळागर, कोड लिहायच्या आधी एक चाचणी-यादी करा. जुळारींची तिन्ही ऱ, तिन्ही ॲ, मध्ये ळ असलेलं एखादं नाव, क्ष आणि ज्ञ ची नावं, पोफळींची सिनाय-पोरोबो, १९७० आधीची जन्मतारीख, ओळींचा पत्ता. प्रत्येक बदलानंतर ती तिन्ही सिस्टिमवर आपोआप चालली पाहिजे. गिटहब ॲक्शन्स या ऑनलाइन चाचणीच्या सोयीत विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्ही यंत्रं मिळतात, तुम्हाला घरी तीन संगणक मांडून बसायला नको. तिन्हीकडून निघालेली छापील यादी अक्षरशः एक आली तरच पुढे जा.

एक राहिलं, कोणी मायएसक्यूएल सुचवलं तर लक्षात ठेवा: लिनक्सवर तक्त्यांच्या नावांत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, विंडोजवर नाही, आणि ८.० पासून ते सेटिंग सर्व्हर उभा करतानाच ठरवावं लागतं. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवलीत तर कुठेच अडणार नाही.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: दफ्तरात पोस्टग्रेस, काउंटरवर एसक्यूलाइट, नावांचा वेगळा तक्ता. चाचणी-यादीपासून सुरुवात करतो. पोफळीताई, रोमन नावं जोडायला देवळाच्या जुन्या कारकुनांना विचारलं, ते यायला तयार आहेत. त्यांच्यासमोर पडद्यावर जुनं पान आणि नवी नोंद शेजारी-शेजारी दिसेल अशी खिडकी आधी बनवू का, की पावत्यांचं काम आधी घेऊ? जत्रा जवळ आली आहे.

पोफळी

खिडकी आधी. जत्रेच्या पावत्या यंदाही वहीवर फाडता येतील.

खाजन

माझंही तेच मत. वहीतल्या पावत्या जत्रेनंतर भरताना काउंटरचं अक्षर वेगळं द्या, वहीसाठी ‘व’. मूळ पावतीचा क्रमांक तसाच राहू द्या.